साहेबांनी चहा मागितला

मी त्यांच्यावर अजून रागावलेलो आहे. गल्लीतले लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा. मी म्हणतो, गेले ते. मी आहे ना इथे. राग माझा आहे, ठेवायचा की टाकायचा ते मी बघीन.

बनारसमधली आमची गल्ली मंगला गौरीच्या देवळामागून पंचगंगा घाटाकडे उतरते. वडील ब्रह्मा घाटावर यजमानांची श्राद्धं, पिंडदानं करत. मी त्या वाटेला गेलो नाही. सायकलच्या कॅरिअरवर सतरंज्या बांधून धर्मशाळांच्या दारोदार हिंडलो, व्यवस्थापकांच्या शिव्या खाल्ल्या, दुप्पट परत दिल्या, आणि आज भदोहीकडच्या गावांत माझ्यासाठी माग चालतात, मैदागिनजवळ गोदाम आहे. यातलं मला कुणी दिलेलं नाही. भाव करून मिळवलेलं आहे. हे सांगायचं कारण एवढंच की मला भाव करता येतो, आणि आयुष्यात एकाच माणसाशी केलेला माझा भाव कधी पटला नाही.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. बदली होऊन इथे आले आणि आमच्या समोरच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन राहिले. संरक्षण खात्याच्या छावणीतल्या एका कार्यालयात ते अंदाजपत्रकाचे वरिष्ठ विश्लेषक होते. एवढं लांबलचक पद गल्लीत कुणाच्या तोंडात बसेना. मग पानवाल्याने पहिल्याच आठवड्यात त्यांना 'फौजी साहब' करून टाकलं. प्रत्यक्षात अंगकाठी अशी की जोराचा वारा आला तर आधी यांना धरावं लागेल. जाड भिंगांचा चष्मा आणि बारा महिने काखेत छत्री.

"फौजी साहब, बंदूक कहाँ है?" पानवाला विचारायचा.

"बंदूक उनके पास है भाई. मैं बस पूछता हूँ, क्यों चाहिए."

त्यांच्या नोकरीचं याहून सोपं वर्णन मी ऐकलेलं नाही. पलटणी, भांडारं, लष्करी शाळा, दवाखाने सगळ्यांच्या मागण्या कागदावर यायच्या. आम्हाला बूट हवेत, आम्हाला छप्पर हवं, आम्हाला गाड्या हव्यात. साहेबांनी त्या वाचून विचारायचं की खरंच हवं का, यंदाच हवं का, आणि एवढंच का हवं. उत्तर पटलं तर पैशाला संमती. नाही पटलं तर कागद परत. असा माणूस कुठल्या कार्यालयात लाडका असेल? मार्च आला की वर्षाचा उरलेला पैसा खर्च करून टाकायची सगळीकडे धांदल असते, कारण न खर्चलेला पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी तेवढा कमी मिळतो. त्या धांदलीत हे गृहस्थ शांतपणे छत्री टेकवून 'क्यों चाहिए' विचारत बसायचे. त्यांच्याबरोबरचे लोक त्यांना जेवायला बोलवत नसत, असं वहिनीच सांगायच्या.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. साहेबांना जे बोलायचं ते त्या बोलायच्या, असं नव्हतं. साहेबांना जे कुणी बोलायला हवं होतं, ते त्या बोलायच्या.

साहेबांचा एक भलताच नाद होता. ज्या वस्तूची मागणी आली, ती वस्तू स्वतः वापरून बघायची. कुणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं. मच्छरदाण्यांची मागणी आली तर एक जुनी मच्छरदाणी मागून आणली आणि भर भाद्रपदात गच्चीवर तिच्यात झोपले. सकाळी सगळा हात फोडांनी भरलेला. वहिनींनी आमच्या घरी येऊन माझ्या बायकोला सांगितलं, "भोक नव्हतं एकही. जाळीला हात टेकवून झोपले म्हणून डास बाहेरून चावले. आता लिहिणार आहेत की मच्छरदाणी नवीन नको, रुंद हवी."

बुटांच्या वेळी त्यांच्या मापाचा जोड मिळाला नाही, तर एक माप मोठा घालून ते छावणीपासून घरापर्यंत चालत आले आणि तसेच घाटाच्या पायऱ्या उतरून चढून गेले. लोकरीच्या मोज्यांच्या वेळी तर कहरच झाला. नमुन्याचे मोजे धुतल्यावर आटतात का, हे बघायला त्यांनी गच्चीवर वाळत घातले. बनारसच्या गच्चीवर काही वाळत घालायचं म्हणजे बाजूला काठी घेऊन बसावं लागतं. हे बाजूला पेपर घेऊन बसले. माकडाने एक मोजा उचलला आणि समोरच्या देवळाच्या शिखरावर जाऊन हातात घालून बघितला. साहेबांनी अहवालात लिहिलं की धुण्याची परीक्षा एकाच मोज्यावर होऊ शकली, दुसरा माकडाने नेला.

"असं खरंच लिहिलंत?" मी विचारलं.

"मग? हरवला लिहू? हरवला म्हटलं की माझा निष्काळजीपणा झाला. माकडाने नेला ही वस्तुस्थिती आहे."

"वरचे हसतील."

"हसू द्यात. वाचतात तरी, हे कळेल."

एवढा चिकित्सक माणूस भाजीबाजारात मात्र पार भोळा. मैदागिनला भाजीवाली म्हणेल तो भाव. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. बाईने टमाटरांचा जो भाव सांगितला तो ऐकून माझं डोकं तडकलं. मी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सुरू झालो. माता, ये टमाटर है कि सोना? माता पण कसलेली होती, तिने माझ्या बापापर्यंत सगळं काढलं. शेवटी मी जवळजवळ निम्म्यावर आणली. मोठ्या अभिमानाने वळून बघतो तर साहेब तोंड पाडून उभे.

घरी आलो. थोड्या वेळाने बघतो तर गृहस्थ छत्री घेऊन परत निघालेले. त्या बाईला कमी केलेले पैसे द्यायला.

मी गल्लीतच आडवा आलो. "अहो साहेब, दिवसभर सरकारचा पैसा वाचवता, आणि इथे काय झालं?"

"तो सरकारचा आहे म्हणूनच तर. हा माझा आहे." जसं काही यापेक्षा साधी गोष्ट जगात नाही. "लोकांच्या पैशाला मी कोण उदार होणारा? स्वतःच्या पैशाला होऊ शकतो."

"आणि मी जो तासभर घसा फोडला त्याचं काय?"

"ते बघायला मजा आली," म्हणाले, आणि गेले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिच्यात आहे. आमच्या मराठी मंडळींचा गणपती बसतो. शेवटच्या दिवशी महाप्रसाद. एका वर्षी सगळ्यांनी मिळून साहेबांना भरीला घातलं की यंदाचा अंदाज तुम्हीच बांधा, दरवर्षी फार उरतं. साहेबांनी आचाऱ्याची यादी घेतली आणि नेहमीसारखं प्रत्येक ओळीला विचारलं, क्यों चाहिए. आचारी रडकुंडीला आला. तांदूळ कमी झाला, तूरडाळ कमी झाली, जिलेबी तर फारच कमी झाली.

आणि दुपारी पंगत अर्धी उरकली नाही तोच भात संपला. साहेबांनी पानं मोजली होती. पण इथे माणूस जेवून उठताना घरच्या म्हाताऱ्यांसाठी, शेजारच्या बंगाली ताईंसाठी डबा भरून नेतो, हे त्यांनी धरलंच नव्हतं. मोठी नामुष्की. मागच्या पंगतीतले लोक बसलेले, पानं वाढलेली, मीठ-लिंबू पडलेलं, आणि भात नाही. तेव्हा साहेब सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "माझी चूक झाली. डबे धरायचे राहिले. अर्धा तास द्या, भात चढवलाय." आणि स्वतः उपाशी राहून शेवटपर्यंत वाढत होते. वर आनंदात मला म्हणतात, "शेठजी, डब्यांचा हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता हो. आता पुढच्या वर्षाला आधार मिळाला."

सगळ्या मंडळीसमोर 'माझी चूक झाली' असं सहज म्हणणारा हा माणूस. हे लक्षात ठेवा.

आता चहा. साहेब रोज संध्याकाळी देवीची आरती झाली की आमच्या ओट्यावर यायचे. चहा व्हायचा. ते साताऱ्याच्या गोष्टी सांगायचे, मी बाजाराच्या. मला मित्र फार नाहीत. धंद्यात मित्र ठेवले की भाव करता येत नाही आणि भाव केला की मित्र राहत नाही. साहेबांशी माझा काही व्यवहारच नव्हता, म्हणून ते जमलं.

मग मी छावणीच्या कामाची निविदा भरली. आता सगळं संगणकावर असतं, घरी बसून भरता येते. नवीन भरती झालेल्या जवानांच्या बराकीसाठी सतरंज्या हव्या होत्या. माल माझा, माग माझे, आणि भाव असा की दुसरा कुणी जवळ येणार नाही. मी भरली त्याच दिवशी साहेबांना कळलं की त्या खरेदीचा कागद पैशाच्या संमतीसाठी त्यांच्याच टेबलावर येणार. संध्याकाळी आले, ओट्याखाली उभे राहिले, वर बसले नाहीत.

"शेठजी, मी कार्यालयात लिहून दिलंय की तुम्ही माझे शेजारी आहात. ते म्हणाले तुम्हीच बघा, शेवटची सही वरच्यांची आहे. तेव्हा हे संपेपर्यंत मी चहाला येणार नाही."

"अहो, चहाने काय होतंय?"

"काही होत नाही. म्हणूनच नको."

आणि खरंच बंद. समोर राहायचे, रोज गल्लीतून जायचे, नमस्कार करायचे, पण ओट्याला हात लावायचे नाहीत. माझी बायको ओट्यावरून हाका मारायची, "भाईसाहेब, अदरक घातलंय आज!" ते छत्री हलवून पुढे जायचे. वहिनी मात्र यायच्या. म्हणायच्या, "मी काही खात्यात नाही." आणि दोन कप प्यायच्या, एक त्यांच्या नावाचा.

भाव उघडले. माझा सगळ्यात कमी होता. आता फक्त पैशाची संमती राहिली. दिवस जात होते. भदोहीहून मागवाल्यांचे फोन येत होते, शेठ, सूत घ्यायचं का, लग्नसराई लागली की आम्ही मोकळे नाही. मी त्यांना थांबवून धरलं होतं.

आणि एका संध्याकाळी आरतीची घंटा थांबली, तसे साहेब आले. ओट्यावर चढले. नेहमीच्या जागी रुमाल अंथरून बसले आणि आत माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, "वहिनी, चहा मिळेल का?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? हे संपेपर्यंत चहा घेणार नाही, असं म्हणणारा माणूस स्वतः येऊन चहा मागतो. म्हणजे संपलं. आणि भाव सगळ्यात कमी माझा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, गंभीर माणूस आहे, बोलून दाखवणार नाही, असं सांगतोय. माझ्या बायकोने अदरक ठेचलं, मी वर दोन खारी मागवल्या. साहेब काही बोलले नाहीत. फार सावकाश प्यायले. दुसरा कप मागितला. गेले.

ते जिना चढायच्या आत मी भदोहीला फोन लावला. सुरू करा. सगळे माग.

संपलं होतं हे खरंच. साहेबांनी त्या दिवशी दुपारी मागणीच परत पाठवली होती. नेहमीप्रमाणे ते बराकीत गेले होते, जुन्या सतरंज्या उलटून पालटून पाहिल्या होत्या, दोन दुपारी त्यांच्यावर आडवे झाले होते, आणि भांडारात आधीच्या खरेदीतल्या कोऱ्या सतरंज्या बांधलेल्याच पडून होत्या हे त्यांनी शोधून काढलं होतं. यंदा गरज नाही, असं लिहून त्यांनी सही केली. निविदा रद्द होणार. म्हणजे निविदाच राहिली नाही. म्हणजे चहा प्यायला हरकत राहिली नाही. असा त्यांचा विचार.

वरच्यांची सही व्हायला दहाबारा दिवस लागले आणि तेव्हा मला संगणकावर कळलं. तोपर्यंत निम्मा माल मागावरून उतरला होता.

मी काय केलं असेल ते सांगायची गरज नाही. गल्ली अजून सांगते. मी समोरच्या जिन्याखाली उभा राहून त्यांना हाक मारली, आणि जे बोललो ते घाटापर्यंत ऐकू गेलं. तोटा किती झाला ते मी कुणाला सांगितलेलं नाही, धंद्यातला माणूस तोटा सांगत नसतो. माल मी लग्नाच्या मंडपवाल्यांना, मठांना थोडा थोडा करून काढला, मला काढता येतो. पण माझं म्हणणं मालाबद्दल नव्हतंच. तुम्हाला गरज वाटली नाही, परत पाठवा. तुमचं काम आहे. पण माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, एक शब्द नाही?

साहेब वरून खाली आले. "तोवर वरच्यांची सही व्हायची होती. ती होईपर्यंत सांगायचा मला अधिकार नव्हता."

"मग चहा का प्यायलात?"

साहेब वळून जिना चढून गेले. 

मी बोलणं सोडलं. मला वाटलं, गेला माणूस. दुसऱ्या दिवशी आरती झाली आणि साहेब आले. ओट्यावर नाही, खाली पायरीवर रुमाल अंथरून बसले.

"काय पाहिजे?" मी म्हटलं.

"हिने पाठवलंय. म्हणाली, काल शेठजींचं बोलणं अर्धवट राहिलं, तुम्ही मध्येच उत्तर दिलंत. जा, पुरतं ऐकून या." मग रुमाल सारखा करत, "मलाही ते बरोबर वाटतं. बोला."

मी बोललो. भरपूर बोललो. ते ऐकून उठून गेले. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. मला आधी वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. हा माणूस कामावर जावं तसा माझ्या शिव्या खायला यायचा. आणि निमूट खायचा असंही नाही.

"परवा तुम्ही म्हणालात सूत आठवड्यापूर्वी घेतलं. आज म्हणताय पंधरा दिवस. काहीतरी एक धरा."

"तुम्हाला काय करायचंय!"

"दुसऱ्यांदा जास्त राग आला असेल तर समजू शकतो. पण सुताचा दिवस बदलत नाही."

आतून बायको ओरडायची, "अहो, जाऊ द्या ना! बेकारचा झगडा! गला बैठ जाएगा तुमचा." मग ती दोघांसाठी चहा आणून ठेवायची. रागाने माझा निवायचा, त्यांचा नाही. असं किती दिवस चाललं कोण जाणे. रोज शिव्या देता देता मध्येच बाजाराची एखादी गोष्ट निघायची, साताऱ्याची एखादी निघायची. एक दिवस बघतो तर साहेब पायरीवरून ओट्यावर आलेले. कधी आले ते माझ्या लक्षातच आलं नाही, नाही तर येऊ दिलं नसतं.

पण मला माझं वाक्य हवं होतं. चुकलं माझं. एवढंच. मंडळीसमोर भातासाठी म्हणता, मग मला का नाही? आणि मी भाव करणारा माणूस. मी हटलो नाही.

"तुम्ही फक्त म्हणा, चुकलं."

"चुकलं नाही, तर कसं म्हणू? भाताचं चुकलं होतं."

"बरं, मागणीचं सोडा. चहाचं म्हणा. चहा प्यायला नको होता."

"त्याचा विचार करायला हवा."

"निदान एवढं म्हणा, शेठजी, मला वाईट वाटलं."

"ते वाटलंच. त्याच संध्याकाळी वाटलं."

"मग ते त्याच संध्याकाळी का नाही म्हणालात?"

"कशाचं वाईट वाटलं, हे विचारलं असतंत ना तुम्ही."

यापुढे ते यायला तयार नाहीत आणि याच्यावर मी बंद करायला तयार नाही. बाजारातलं कितीही चिवट गिऱ्हाईक शेवटी कुठेतरी येतं. हे येत नव्हते. मला खरं म्हणजे चीड यायची आणि त्याबरोबरच, कसं सांगू, संध्याकाळची वाट बघायचो.

पुढल्या वर्षी सतरंज्यांची खरी मागणी निघाली. या वेळी संमती मिळणार हे उघड होतं. मी निविदा भरली नाही. बाजारातले लोक म्हणाले, शेठ अजून रागात आहे. मी म्हटलं, आहेच. ते काम पानिपतच्या कुणाला तरी मिळालं. आमच्या ओट्यावरचा चहा चालू राहिला.

साहेब निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता साताऱ्याला जातील. गेले नाहीत. मुलगी पुण्यात, तिने फार बोलावलं. वहिनींनी तिला फोनवर सांगितलं, "बाबांचं इथे एक काम अडकलंय." कसलं, हे तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, ते तुझ्या बाबांनाच विचार, माझ्याकडून सगळं तयार आहे.

गेल्या वर्षीच्या थंडीत त्यांची छाती भरली. इस्पितळात ठेवलं. मी दुपारी जायचो. पहिले काही दिवस नेहमीसारखे होते. पलंगाच्या उशीखाली हात घालून गादी चाचपायचे, सिस्टरला विचारायचे की ही किती वर्षं चालते. मग बोलणं कमी झालं. मग एका दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या, आणि साहेबांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"शेठजी, ते तुमचं वाक्य. म्हणून टाकतो."

"कुठलं?"

"तेच. चहा प्यायला नको होता मी. चुकलं माझं."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी घसा फोडला, ते पुरतं, एक पैसा कमी न करता, त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आणि मी हात मागे घेतला. भाव करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते. समोरचा अडून बसलेला अचानक आपल्या भावाला कबूल झाला, की समजावं, त्याला आता दुकान बंद करायचं आहे.

"नको मला," मी म्हणालो.

"का?"

"नको म्हणजे नको! इतकी वर्षं नाही म्हणालात आणि आज आडवे पडून म्हणता? मी काय भिकारी आहे? परत घ्या!"

माझा आवाज चढला होता. सिस्टर धावत आली. "अंकलजी, यहाँ चिल्लाइए मत."

"चिल्लाऊँगा! ये आदमी झूठ बोल रहा है!"

ती साहेबांकडे बघायला लागली. साहेबांनी तिला हाताने जा म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"बरं," ते म्हणाले. "घेतलं परत."

"असं नाही. नीट घ्या. काय बरोबर होतं ते बोला."

ते श्वास घेत घेत बोलायला लागले. एकेक वाक्याला वेळ लागत होता, मी घाई केली नाही. "मागणी वेळेआधीची होती. सतरंज्या चांगल्या होत्या. दोन दुपारी झोपलो होतो मी त्यांच्यावर. सांगायचा मला अधिकार नव्हता. आणि चहा..."

"हां, चहा. चहा का प्यायलात?"

त्यांनी पुन्हा गादी चाचपली. मग म्हणाले, "इतके दिवस तुमच्याकडे आलो नव्हतो. राहवलं नाही."

मी नाक पुसलं, चष्मा पुसला, आणि म्हणालो, "हे बरोबर नाही. याला काही अर्थ नाही. राहवलं नाही म्हणून माणूस दुसऱ्याचे सगळे माग चालू करतो का?"

"ते तुम्ही चालू केलेत."

"मी केले! कोणाच्या तोंडाकडे बघून केले?"

वहिनी औषधांची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"शेठजी रागावलेत," साहेब म्हणाले. भात चढवलाय म्हणून सांगावं, तसं म्हणाले.

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पिशवी स्टुलावर ठेवली. "मग चालू द्या," म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.